नववीच्या मुलांना भौतिकशास्त्राच्या तासाला विचार करायला कसं लावावं? पुण्यातली शाळा, पस्तीस मिनिटांचा तास. सूत्रं तोंडपाठ, पण प्रश्न जरा फिरवला की सगळे गप्प.

प्रयोगाआधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. कारणासकट, पेनाने, आणि खोडायचं नाही.

लंबकच घ्या. एक मीटर दोरा, टोकाला नट. (लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा, नाहीतर आकडे हुलकावणी देतात.) दहा आंदोलनांना (जाऊन परत आला की एक) साधारण २० सेकंद लागतात, हे मुलांनीच मोजावं. मग विचारा, दोरा अर्धा केला तर? बहुतेक वर्ग १० म्हणेल. घड्याळात येतात १४. इथे फळ्यावर सूत्र लिहायचा मोह आवरा, आपल्याला तेच सगळ्यांत जड जातं. कुणी म्हणेल, 'मोजायला चुकलं.' पुन्हा मोजू द्या. मग १० सेकंद हवेत तर दोरा किती, हे त्यांनाच शोधू द्या. २५ सेंटिमीटरपर्यंत पोचताना वर्गमूळ कुणाच्या तरी तोंडून येतंच. जड नट लावून काहीच फरक पडत नाही म्हटल्यावर भांडणं होतील. होऊ द्या.

स्वस्त साहित्यासाठी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र, म्हणजे मुक्तांगण विज्ञान शोधिका, आणि अरविंद गुप्तांची टाकाऊतून टिकाऊ खेळणी आहेतच. मात्र खेळणं नुसतं बनवून घरी नेलं तर तो कार्यानुभवाचा तास झाला.

आणि चाचणीत 'शास्त्रीय कारणे लिहा' नको, ती गाइडमधून पाठ होतात. त्याऐवजी विचारा: हाच लंबक चंद्रावर हळू हलेल की भरभर, आणि का?