वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षणाचा उपयोग कारखान्याबाहेर किती झाला?

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. लाइनवरच्या महिलांसाठी आम्ही संवादकौशल्य आणि पैशांचं नियोजन असं प्रशिक्षण घेतलं. शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मांवर बहुतेकींनी ‘उत्तम’ लिहिलं. आता साहेबांना ‘सामाजिक परिणामां’चा अहवाल हवाय. दुसरी बॅच दिवाळीनंतर आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : ते फॉर्म फाइलला लावून टाका. शिकवणारे समोर उभे असताना ‘कंटाळा आला’ असं कोण लिहील? अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, संस्थेला फळ मिळालं का. तुमचे फॉर्म पहिल्याच पायरीवर आहेत. आणि चौथी पायरी गाठली तरी आपण कारखान्याच्या गेटच्या आतच राहतो.

गेटच्या आत काय होतं, याचं बंगळुरूच्या कपडे कारखान्यांतलं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अच्युत अध्वर्यू, नम्रता कला आणि अनंत न्यशाधम या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या कामगार महिलांचं असंच प्रशिक्षण तपासलं. कुणाला आधी घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना खरी झाली. शिकलेल्या बायकांची उत्पादकता इतरांपेक्षा १३.५ टक्क्यांनी जास्त निघाली. मजुरी वाढली फक्त ०.५ टक्का. कंपनीने हे यश म्हणून मिरवावं, पण त्याला समाजाचा फायदा म्हणू नये. तुमच्या अहवालात उत्पादन आणि पगार हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा. साहेबांना आवडणार नाही, तरी छापा.

आता घराकडे. मी साताऱ्यात कामगार विभागात असताना पैशांच्या प्रशिक्षणानंतर बायकांना एकच प्रश्न विचारायचे : एटीएम कार्ड कुणाजवळ असतं? ‘बचतीचं महत्त्व कळलं का’ याला सगळ्या हो म्हणतात. कार्डाचं विचारलं की थांबतात, मग ‘मालकांकडं’ (म्हणजे नवऱ्याकडं), ‘सासूबाईंकडं’, क्वचित ‘माझ्याकडंच’. पिन कुणाला माहीत आहे, गेला मोठा खर्च कुणी ठरवला, मुलीच्या शाळेची फी कुणी भरली, असे प्रश्न तयार करा. सुपरवायझर आसपास नको. आणि प्रशिक्षण संपल्यावर लगेच नको, सहा महिने जाऊ द्या.

तुलनेची सोय तुमच्याकडे आयती आहे. दुसऱ्या बॅचमध्ये नाव असलेल्यांना हेच प्रश्न दिवाळीआधी विचारा. मात्र पहिल्या बॅचला सुपरवायझरने आपल्या पसंतीच्या बायका पाठवल्या असतील, तर तसं स्पष्ट लिहा, कारण त्या आधीपासूनच पुढे असू शकतात. यापुढे नावं जास्त आली तर सरळ चिठ्ठ्या टाका. वशिल्याची तक्रारही राहत नाही.

परिणाम वाईटही असतो, तो शोधायला कुणी जात नाही. वर्ग शिफ्टनंतर होता का? कंपनीची बस चुकली तर बायका घरी कशा गेल्या? संध्याकाळचा स्वयंपाक कुणी केला? थोरल्या मुलीने केला असेल, तर तिच्या अभ्यासाचे तास या प्रशिक्षणाच्या खर्चात धरले पाहिजेत. यात मी अजिबात तडजोड करणार नाही.

साहेब हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चात, दाखवायचं म्हणत असतील तर आधीच सांगा : स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे उपक्रम नियमांनुसार सीएसआरमध्ये धरता येत नाहीत.

शेवटी हजेरीपट काढा आणि कंत्राटी बायका किती होत्या ते बघा. त्याच लाइनवर, त्याच मशिनवर काम करूनही त्यांची नावं यादीत नसतील, तर दुसऱ्या बॅचची यादी आत्ताच बदलून घ्या. दिवाळीला अजून वेळ आहे.