दोन वेळा ब्रश करूनही तोंडाला वास का येतो?

बहुतेकदा दोष पोटाचा नसून जिभेच्या मागच्या भागाचा असतो. तिथल्या पांढुरक्या थरातले जिवाणू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात, सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. टंग क्लीनर उलटी न येता जाईल तितका मागे ठेवून हलक्या हाताने चार-पाचदा पुढे ओढा, दर वेळी धुऊन.

रात्री दाढांच्या फटीत फ्लॉस फिरवा आणि दोरा हुंगून बघा. घाण वास आला तर अन्न तिथेच अडकतंय. ब्रश करताना रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून साफ करून घ्या. हिरडीखालचं कीटण ब्रशने निघत नाही. बडीशेप नुसती वास झाकते. माउथवॉश अल्कोहोलचा नको, तोंड आणखी कोरडं पडू शकतं.

एवढं करूनही वास राहिला तर टॉन्सिलमधले पिवळसर खडे किंवा सायनस तपासायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.