जुनी आउटबोर्ड मोटर तापते: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उन्हाळ्यात धरणं खाली गेली की बोटीच्या मागे लावायच्या जुन्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या) मोटरींच्या तक्रारी सुरू होतात. बहुतेकांचा घोळ एकच असतो, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (पैठण): नाथसागरात दहा मिनिटांत मोटर तापून बंद पडते. मागून पाण्याची धार मात्र जोरात येते. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या. खरं आहे का?

आधी धारेवरचा भरवसा सोडा. पंपाने पाणी वर चढवलं, एवढंच ती धार सांगते. बऱ्याच जुन्या मोटरींत ती मुख्य वाटेवरून फुटलेल्या फाट्यातून येते. सिलिंडरभोवती आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) पाणी फिरतं की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. “धार आहे ना, मग चालू दे” या एका वाक्याने कितीतरी चांगली इंजिनं जाम झाली आहेत.

पाणी उथळ झालं की मोटर तळाचा गाळ ओढते. तो हेडच्या पोकळीत बसतो, उष्णतेने कडक होतो आणि त्यावर क्षाराचा थर चढतो. दुसरं कारण म्हणजे जुन्या इंपेलरचं (पंपातल्या रबरी चक्राचं) तुटलेलं पातं. ते नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपाशी) अडकतं आणि इंपेलर नवा टाकला तरी मोटर तापतच राहते. जुना इंपेलर फेकण्याआधी त्याची पाती मोजा. एक जरी कमी असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत मोटर जोडू नका.

तपासणी अशी करा. मोटर पाण्यात चालू ठेवून इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक सिलिंडरचं हेड मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम निघाली, तर त्या बाजूची वाट तुंबली आहे किंवा हेड गॅसकेट (हेडच्या सांध्यातलं सील) फुटलं आहे. थर्मामीटर नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तो चर्र करून उडाला तर तापमान 100 अंशांच्या वर आहे, इंजिन लगेच बंद करा. गार झाल्यावर हेडचं कव्हर उघडा. गाळ लाकडी काडीने काढा, स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियम खरवडू नका. क्षारावर पांढरं व्हिनेगर थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवा. गॅसकेट नवंच घाला. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. गंजलेला बोल्ट हलत नसेल तर जोर न लावता टर्नरकडे (लेथवाल्याकडे) न्या.

राहिल्या रिंगा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावल्याशिवाय त्यांवर पैसे घालू नका. दोन सिलिंडरांच्या दाबात 10 ते 15 टक्क्यांहून जास्त फरक आला, तरच दुसऱ्या जाणकाराला दाखवून इंजिन उघडा.

प्रश्न (माजलगाव): काठावर कोरडीच मिनिटभर चालवून पाहिली तर चालेल?

नाही. इंपेलरच्या रबराला पाण्याचंच वंगण असतं, कोरडं ते काही सेकंदांतही जळतं. 200 लिटरचा ड्रम घ्या आणि पंख्याच्या वरची आडवी प्लेट बुडेल एवढं पाणी भरा.

प्रश्न (जिंतूर): इंपेलर दिसायला चांगला आहे. दुकानदार म्हणतो, “नुसतं रबर घ्या, किट कशाला?” घरी बदलता येईल का?

दिसण्यावर जाऊ नका. मोटर वर्षभर पडून राहिली की पाती वाकल्या जागीच ताठरतात. दर एक-दोन वर्षांनी, आणि जुनी मोटर विकत घेतल्यावर तर लगेच, इंपेलर बदला. नुसतं रबर बदलून इंपेलरभोवतीचा स्टीलचा कप ओरखडलेलाच राहिला तर दाब तयार होत नाही. कपावर किंवा खालच्या प्लेटवर नख अडकलं तर तेही बदला. गिअरची सळई आधी सोडवा, मग खालचा भाग उतरवा. इंपेलर शाफ्टला अडकवणारी चावी किंवा पिन हरवू नका. कप बसवताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. पाण्याच्या नळीचं टोक रबरी बुशात नीट गेलं का, ते पाहा. गिअरची जुळणी पहिल्यांदा करताना मेकॅनिकला शेजारी बसवा.

प्रश्न (नांदेड): आपल्याकडे ऊन फार, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतात. काढू का?

काढू नका. हवा 42 अंश असली तरी इंजिन गार होतं ते नदीच्या पाण्याने. थर्मोस्टॅट नसला तर मंद वेगात इंजिन प्रमाणापेक्षा गार राहतं, प्लग तेलाने भिजतात, कार्बन साचतो. शंका असेल तर तो दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. जुन्या मोटरींत तो साधारण 60 अंशांच्या आसपास उघडतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. उघडला नाही तर नवा घाला. काही जुन्या मॉडेलांत तो मुळातच नसतो, हेही आधी तपासा.

प्रश्न (गंगापूर): तेल वाढवलं तर मोटर कमी तापेल का?

नाही. मॅन्युअलमध्ये पेट्रोल-तेलाचं प्रमाण 50:1 असेल तर 20 लिटर पेट्रोलला 400 मिली, 24:1 असेल तर सुमारे 830 मिली. त्यात मनाने बदल नको. स्कूटरचं टू-टी नको, बोटीच्या टू-स्ट्रोक मोटरींसाठीचं टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं तेलच घाला.

प्रश्न (कंधार): जलपर्णी अडकून मोटर तापली. वरून बादलीभर पाणी ओतू का?

अजिबात नको, हेडला तडा जाऊ शकतो. मोटर बंद करा, वर उचला, पाणी आत घेणारी जाळी साफ करा आणि हात ठेवता येईल इतकी गार होईपर्यंत वल्ह्याने काठ गाठा. इंजिन हाताने सहज फिरत नसेल तर दोरी ओढू नका, मोटर मेकॅनिककडे न्या.