एकच रंगमंच, आज बॅले, उद्या कथक

प्रश्न : हिवाळ्यात आमच्या संस्थेकडे बॅलेचा दौरा येतोय आणि दुसऱ्याच दिवशी कथक आहे. रंगमंच लाकडी आहे. बॅलेसाठी मंचावर अंथरलेला व्हिनाइलचा (प्लास्टिकचा) पट्टा कथकसाठी तसाच ठेवला तर चालेल का? — एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : नाही, काढाच. व्हिनाइलवर तत्काराचा, म्हणजे तालावर आपटणाऱ्या तळव्यांचा, आवाज दबतो, तळवा मध्येच चिकटतो आणि घुंगरांनी पट्ट्यावर ओरखडे उठतात. एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू म्हणजे काही थोडंथोडकं वजन नव्हे.

बॅलेसाठी दहा बाय दहा मीटरच्या मंचाला व्हिनाइलच्या दोन मीटर रुंदीच्या पाच गुंडाळ्या लागतील. आदल्या संध्याकाळीच अंथरा, पण टेप लावू नका. डिसेंबरच्या गारठ्यात व्हिनाइल ताठर होतं, कडा वर वळतात. रात्रभर पडून राहिलं की सपाट होतं. सकाळी फळ्यांवरची धूळ पुसून मगच सांधे चिकटवा, नाहीतर पहिल्याच उडीत टेप सुटते आणि पॉइंट शूचं (बॅलेच्या कडक टोकाच्या बुटाचं) टोक अडकतं.

बूट घसरू नयेत म्हणून लावायच्या राळेचा डबा विंगेत ठेवा, मंचावर भुरभुरू देऊ नका. पट्टा उचलल्यावर टेपचा डिंक हाताने चाचपून खरवडा. अनवाणी पायाला तोच सलतो.

मंचाखाली थेट काँक्रीट असेल तर मात्र पाहुण्यांना आधीच कळवा. कडक जमिनीवर उड्या मारून नडग्या त्यांच्या दुखतात.