चार्टला सगळे ‘मस्त’ म्हणतात, पुढे कोणी बोलत नाही

प्रश्न : मी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये करिअर करायचंय. माझे चार्ट, नकाशे ऑनलाइन टाकते. मित्रमैत्रिणी ‘मस्त’ लिहितात, अनोळखी लोक काहीच बोलत नाहीत. काम बरं आहे की नाही, हे कळायचं कसं? एक नमुना जोडला आहे. – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुझा नकाशा आधी बघितला, पत्र नंतर वाचलं. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची लोकसंख्या. जितकी जास्त तितका निळा गडद. देखणा आहे. पण पालघर राखाडी का? आणि त्याला लागून ठाणे सगळ्यात गडद?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तू आकडे घेतलेस ३५ जिल्ह्यांचे आणि नकाशाची फाइल ३६ जिल्ह्यांची. त्यामुळे अखंड ठाण्याची १ कोटी १० लाख माणसं आजच्या आकसलेल्या ठाण्यात कोंबली गेली आणि डहाणू-जव्हार-वसईत जणू कोणी राहतच नाही! ही चूक पकडायला तज्ज्ञ नको, विरारहून रोज लोकल पकडणारा कोणीही सांगेल. त्याला कोणी विचारलं नाही, एवढंच.

‘कसा वाटला?’ विचारलंस तर ‘मस्त’च येणार. लग्नाच्या पंगतीत ‘जेवण कसं झालं?’ विचारल्यावर कोण म्हणतं, आमटीत मीठ कमी होतं? नेमकं विचार : मुंबई उपनगर आणि गडचिरोली, लोकसंख्या कुठे जास्त हे किती वेळात कळलं? तुझ्या नकाशात उपनगर म्हणजे ठिपका, त्यातली ९३ लाख माणसं दिसतच नाहीत. गडचिरोलीत जेमतेम पावणेअकरा लाख, पण जिल्हा ऐसपैस पसरलेला. असं विचारलंस की कोणीतरी म्हणेलच, नकाशा कशाला, उतरत्या क्रमाने साधे बार काढ. चार्टमधलं काय डोळा किती अचूक वाचतो, याची क्रमवारी क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडली. तिच्यातही एका समान पट्टीवरची जागा, म्हणजे बारचं टोक असतं तशी, सगळ्यात वर आहे; रंगाची छटा तळाला आहे.

आता कुठे विचारायचं. जिथे सगळे एकाच डेटावर काम करतात तिथे जा. टायडीट्यूजडे हा उपक्रम २०१८ पासून चालतो, दर आठवड्याला एक डेटासंच. इतरांनीही त्याच आकड्यांशी झटापट केलेली असते, म्हणून त्यांचं बोलणं मुद्द्याचं असतं. नकाशांची हौस असेल तर थर्टी डे मॅप चॅलेंज आहे, २०१९ पासून दर नोव्हेंबरात, रोज एक विषय. तीसही दिवस करायचा अट्टहास नको, तेव्हा तुमच्या परीक्षा असतात. आणि आपलं काम टाकण्याआधी दुसऱ्या दोघांच्या कामावर दोन ओळी लिही : काय कळलं, कुठे अडखळलीस. काही आठवड्यांत लोक नावाने ओळखू लागतात, मग तुझ्या कामापाशीही थांबतात.

शेरे खवचटही येतील. ‘बार शून्यापासून का नाहीत?’ असं कोणी तिरकसपणे विचारलं तरी तो बरोबर आहे, दुरुस्त कर. ‘निळा आवडला नाही’ हे सोडून दे.

इंटरनेट नसलेली एक चाचणीही आहे. आईपुढे मोबाइल धर, दहा सेकंदांनी मागे घे आणि विचार, काय दिसलं? ती ‘निळा नकाशा’ म्हणाली तर शीर्षक बदल.

जुना नकाशा मात्र पुसू नकोस. पोर्टफोलिओत दोन्ही शेजारीशेजारी ठेव, कोणाच्या सांगण्यावरून काय बदललं ते खाली लिही. मुलाखतीत त्यावरच बोलणं होतं.

या आठवड्यात एवढंच कर : २०११चे तालुकानिहाय आकडे घे आणि पालघरचे आठ तालुके ठाण्यातून वेगळे काढ. बेरीज तीस लाखांच्या आसपास आली पाहिजे. मग ठाणे पहिल्या क्रमांकावरून खाली येईल आणि पुणे, मुंबई उपनगर त्याच्या पुढे जातील. तुझं शीर्षक ‘ठाणे अव्वल’ असं आहे, तेही तेव्हाच बदलावं लागेल.