डेबियन या लिनक्स सिस्टिममधलं एक पॅकेज बिल्ड होत नाही (सोर्स कोडपासून तयार होत नाही), मी त्याच्या बगवर, म्हणजे नोंदवलेल्या दोषावर, पॅच (कोडमधली दुरुस्ती) दिलाय, पण कोणी बघतच नाही. काय करावं?

आधी बगला 'पॅच' हा टॅग लावलाय का बघा. नुसती फाइल जोडून भागत नाही. तयार पॅच शोधणारे लोक टॅगवरूनच बग चाळतात. पॅकेज अजिबात बिल्ड होत नसेल तर बगची सिव्हिरिटी (गंभीरता) 'सीरियस' हवी. असा बग पडून राहिला तर पॅकेज 'टेस्टिंग'मधून, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे तयार होते तिथून, सहसा आपोआप निघतं, त्यामुळे मेंटेनरखेरीज (पॅकेज सांभाळणाऱ्याखेरीज) इतरांचंही लक्ष जातं. (भाव खाण्यासाठी सिव्हिरिटी उगाच वाढवू मात्र नका, लगेच खाली आणतात.)

पॅच छोटा ठेवा. दोन ओळींच्या दुरुस्तीबरोबर अख्ख्या फाइलचं इंडेंटेशन बदललंत की वाचणारा तिथेच कंटाळतो. लॉगमधली नेमकी एररची ओळ द्या आणि स्वच्छ 'सिड'मध्ये (डेबियनच्या सतत बदलणाऱ्या विकास-आवृत्तीत) बिल्ड करून पाहिलंय हेही लिहा. चूक मूळ सोर्समध्ये असेल तर अपस्ट्रीमलाही, म्हणजे मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही, पाठवा.

तरीही सामसूम? मग एनएमयू, म्हणजे मेंटेनर नसलेल्याने केलेला अपलोड. तुम्हाला अपलोडचा हक्क नसेल तर 'स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्स'वर बग टाकून स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा, मागा. अपलोड 'डिलेड' रांगेत 15 दिवसांपर्यंत थांबवता येतो. मेंटेनरला हरकत घ्यायची असेल तर तेवढ्यात घेता येते.