‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला अँटोनिओ इतका उदास का असतो? त्याची मैत्री खरोखर निःस्वार्थ आहे का?

उदासीचे कारण शेक्सपिअरने दिलेलेच नाही. पहिल्याच संवादात अँटोनिओ म्हणतो की आपण इतके खिन्न का आहोत, हे आपले आपल्यालाच कळत नाही. मित्र आधी जहाजांची काळजी सुचवतात, मग प्रेमप्रकरण. तो दोन्ही झटकून टाकतो. तिथे आपण कारण चिकटवू नये.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी महाविद्यालयात असल्यापासून भांडत आलो आहे. आम्ही हे नाटक बसवले तेव्हा अँटोनिओ माझ्याकडे होता आणि दिग्दर्शकांना तो निव्वळ देवमाणूस हवा होता. ज्यू सावकार शायलॉकला ‘पुन्हा कुत्रा म्हणेन, पुन्हा तुझ्यावर थुंकेन’ असे तो पहिल्या अंकात सुनावतो, त्या ओळींवर त्यांनी लाल पेनाने काट मारली. आणि शायलॉकने ख्रिस्ती व्हावे ही न्यायालयातली अट, जी मुळात अँटोनिओच घालतो, ती ड्यूकच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यकर्त्याच्या, तोंडी दिली. मी तालमीत हरकत घेतली, तेव्हा ‘प्रेक्षकांची सहानुभूती जाईल’ एवढेच उत्तर मिळाले. गेली तर जाऊ दे! मित्र बॅसॅनिओला शायलॉककडून तीन हजार डकॅट (सोन्याची नाणी) कर्जाऊ मिळावेत म्हणून, फेड चुकली तर स्वतःचे पौंडभर मांस देईन असे लिहून देणारा माणूस दुसऱ्याशी इतक्या हलकटपणे वागू शकतो, म्हणूनच तर तो लक्षात राहतो.

निःस्वार्थ म्हणाल, तर त्याचे पत्र वाचा. जहाजे बुडाल्याच्या वार्ता आल्यावर तो बॅसॅनिओला कळवतो की मरताना तुझी भेट झाली, तर आपल्यातले सारे देणे फिटले. पैसा माफ, पण ऐन लग्नघाईत मित्राला बेलमाँटहून, म्हणजे वधू पोर्शियाच्या घरून, निघायला लावणारे हे पत्र आहे. पुढे पोर्शियाने दिलेली अंगठीही बॅसॅनिओ त्याच्याच शब्दाखातर देऊन टाकतो. निष्ठा खरी आहे, पण ती कोणीतरी पाहावी अशी त्याची इच्छा आहे. निःस्वार्थ व्यापारी पाहायचा असेल, तर ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला चारुदत्त पाहावा, राजाचा मेहुणा असलेल्या शकाराच्या खोट्या आरोपामुळे वधस्थानापर्यंत जाऊनही तो अखेर त्याच शकाराला सोडून द्यायला सांगतो.

एलिझाबेथच्या काळातल्या अनेक प्रेक्षकांना धर्मांतराची अट दयेसारखी वाटली असेल, हे मला मान्य आहे. तरीही तुम्ही ही भूमिका करणार असाल, तर हाती आलेली संहिता मूळ नाटकाशी ताडून पाहा आणि चौथ्या अंकातली ती अट दुसऱ्या कोणाला दिलेली असेल, तर हट्टाने मागून घ्या. आमच्या दिग्दर्शकांना हे आजही पटत नाही.